पार्किंगमधलं रॉकेट

कुलशेखरपट्टिनम, तमिळनाडू
८ मार्च २०२६

चि. प्रिती,
सप्रेम जयभीम वि. वि.

टेप मी चोरलेली नाही. हे तुला तिसऱ्यांदा लिहितोय. यावेळी मोठ्यानं वाच, म्हणजे आतल्या खोलीतल्या सम्यकसाहेबांनाही ऐकू जाईल. मिल बंद झाली त्या दिवशी बाबांच्या खिशात राहून गेलेली ती मोजायची टेप. मी आठवीतून शाळा सोडून त्यांच्याबरोबर वेल्डिंगला जायला लागलो, त्या सकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं ती मला दिली. धाकटा तेव्हा तिसरीत होता आणि त्याचं नाक पुसायला आई लागायची. आता त्याला एकदम टेप आठवली. का, तर मंडळानं त्याला चित्ररथाचा प्रमुख केलंय.

फोनवर भांडायचं नाही हा आईचा हुकूम मला मान्य आहे. सहा डिसेंबरला आम्ही दोघांनी फोनवर एकमेकांची लाज काढली ती चूकच. निदान दिवस तरी बघायचा. आई म्हणाली की भांडायचंच असेल तर कागदावर भांडा, लिहून हात दुखला की माणूस आपोआप गप्प बसतो. पण माझा हात वेल्डरचा आहे, लवकर दुखत नाही. म्हणून पत्र लांबतं.

ग्रुपवर फोटो पाहिला. चौदा एप्रिलचा चित्ररथ. मागं रॉकेट, पुढं सम्यक, हात कमरेवर, छाती अशी की तोच आता उडणार. खाली एकशे बेचाळीस अंगठे. मी मोजले. समोरच्या विंगमधल्या मेघनानं तर तीन बदाम टाकलेत. मी सहा वर्षं चित्ररथ उभा केला. उघडझाप करणारं संविधान केलं, महाडचं तळं केलं, त्यात पाणी खरं होतं. मला कधी बदाम आले नाहीत. तेव्हा ग्रुप नव्हता म्हणशील. होता.

आणि विषय काय, तर रॉकेट! अगं, रॉकेटच्या गावात मी आहे. इथं समुद्राकाठी रॉकेट सोडायचं नवं ठाणं बांधतायत, तिथं मी कुंपणाचे खांब वेल्ड करतो. खरं सांगतो, इथं अजून रॉकेट नाही. तांबडी वाळू आहे, ताडाची झाडं आहेत, सळया आहेत, आणि कामावर जाताना फोन गेटवर जमा. पण सगळ्या वरळीला मी सांगून ठेवलंय की राजू रॉकेटच्या कामावर आहे. आता यानं प्लायवूडचं एक ठोकलं आणि सगळा भाव खाल्ला.

वर्गणीचंही सांगून टाक मंडळाला. प्रत्येक कमावत्यानं एका दिवसाची मजुरी द्यायची, असेल तेवढी, ही रीत मला माहीत आहे, बाबांच्या वेळेपासूनची आहे. पण तेरा तारखेला ती माईकवर वाचतात. सम्यकचा लोअर परळच्या ऑफिसातला दिवस अठराशेचा, माझा नऊशे पन्नासचा. सगळ्या चाळीच्या कानावर हे असं घालायचं? यंदा माझे पैसे येणार नाहीत.

त्या फोटोत मला अजून एक गोष्ट दिसली. ती सांगणार नाही. बघू, त्याच्या मोबाईलला दिसते का.

आईच्या गुडघ्याचं लिही. माझ्यावरची माया त्या प्रमुखाला देऊन टाकू नकोस, थोडी ठेव.

तुझा दादा,
राजरत्न


वरळी, मुंबई
१५ मार्च २०२६

ती. दादास,
प्रितीचा सविनय जयभीम.

तुझं पत्र दोन दिवस वॉचमनकडे पडून होतं. हल्ली पत्रं फक्त बँका पाठवतात, म्हणून त्याला वाटलं आपण मुद्दाम घेत नाही. तू सांगितलंस तसं मोठ्यानं वाचलं. सम्यकनं टीव्हीचा आवाज वाढवला. म्हणजे नीट ऐकलं.

आईचे गुडघे बरे आहेत, लिफ्टची कृपा. पण चाळीच्या बदल्यात मिळालेला एकतिसावा मजला अजून तिच्या अंगवळणी पडलेला नाही. खिडकीसमोरून विमान गेलं की पदर सावरते, जसा काही पायलट आत बघतोय. चाळीच्या गॅलरीत उभं राहिलं की माणसं दिसायची, इथं नुसत्या घारी दिसतात, असं म्हणते. मेघनाच्या बदामांचं मनावर घेऊ नकोस. ती निवडणुकीच्या उमेदवारालाही बदाम टाकते.

आता चित्ररथाचं ऐक आणि अर्ध्यात कागद चुरगळू नकोस. पुढं बाबासाहेबांची तसबीर, नेहमीसारखी. एका बाजूला सायकल. केरळात थुंबा नावाच्या कोळ्यांच्या गावातून त्रेसष्ट साली आपलं पहिलं रॉकेट सुटलं, तेव्हा त्याचे भाग सायकलवरून नेले होते आणि ऑफिस होतं एका चर्चमध्ये. दुसऱ्या बाजूला बैलगाडी, तिच्यावर उपग्रह. बैलगाडी बघून आई भडकलीच. म्हणाली, आपण शिकलो, वर आलो, आणि तुम्ही मिरवणुकीत गरिबी काय काढता. मग सम्यकनं तिला शेजारी बसवून सांगितलं की एक्याऐंशी साली तो उपग्रह बैलगाडीवर ठेवला तो पैसे नव्हते म्हणून नाही. त्याच्या अँटेनाची तपासणी करायची होती आणि जवळ लोखंडाची गाडी चालत नव्हती, म्हणून लाकडाची घेतली. आईला पटलं. आता लिफ्टमध्ये भेटेल त्याला ती हे सांगते. एकतीस मजले म्हणजे पूर्ण सांगून होतं.

मधोमध रॉकेट, आणि दोन अंतराळवीर. चौऱ्याऐंशी साली दोघांनी रशियात जाऊन सारखीच तयारी केली होती. वर गेले राकेश शर्मा. रवीश मल्होत्रा खाली राहिले, गरज पडली तर म्हणून. एक पुतळा वर रॉकेटच्या खिडकीत आहे, गाडीच्या वायपरची मोटर लावून त्याचा हात हलवलाय. दुसरा खाली उभा राहून सलाम करतो. सम्यक म्हणतो, खाली राहिलेल्याला कोणी चित्ररथावर घेत नाही, आपण घेऊ.

आणि काम चाललंय कुठं? आपल्या टॉवरच्या पार्किंगमध्ये! दोन चाळींच्या मधे ताडपत्री बांधून तुम्ही उन्हात जळायचात. आता डोक्यावर छप्पर, ट्यूबलाइट, पंखा. माणसांपाठोपाठ चित्ररथालाही घर मिळालं असं सगळे म्हणतात. ट्रॉलीवरच सगळं जोडत आणलंय, मोटर, वायरिंग, पत्रा, एकसंध. रंग तेवढा राहिलाय.

फोटोत काय दिसलं ते सांग. कोड्यात बोलायला तू मंत्री नाहीस.

रागासकट तुझा लोभ आम्हाला चालतो, तो चालू ठेव.

प्रिती


कुलशेखरपट्टिनम
२१ मार्च २०२६

चि. प्रिती,
जयभीम.

वा! सलाम मारत खाली उभा आहे तो कोण, हे न कळायला मी एवढाही अडाणी नाही. तयारी सारखीच केली, पण वर दुसरा गेला. खाली राहिलेल्याला आपण घेऊ, म्हणे. उपकार. बाबांबरोबर पत्रे मी कापले, डोळ्यांत ठिणग्या मी घेतल्या, त्याची डिप्लोमाची फी त्यातूनच गेली. आणि आता सगळ्या वरळीतून माझा पुतळा त्याला सलाम ठोकत फिरवणार. हात हलवायला मोटर पण त्यालाच. मला मोटरसुद्धा नाही.

तर मग ऐक, काय दिसलं ते. फोटोत सम्यकच्या मागं लांब पार्किंगचं गेट आहे. त्याच्यावर आडवा बीम, पिवळे-काळे पट्टे ओढलेला. वर लिहिलंय, उंची साडेतीन मीटर. म्हणजे साडेअकरा फूट. ट्रॉली चार फूट, हे मला माहीत आहे, ती मीच वेल्ड केलेली आहे. रॉकेट तिच्यावर अकरा फूट तरी आहे. चार आणि अकरा किती, ते डिप्लोमावाल्याला विचार. आतलं छत उंच आहे म्हणून आत मावलं. बाहेर निघणार नाही.

तुमच्यातल्या एकाच्याही हे डोक्यात आलं नाही, यात मला नवल वाटत नाही. आपण जन्मभर चित्ररथ आभाळाखाली बांधला. दरवाजा मोजायची सवय कुणाला आहे? मलाही नसती. इथं मोठा सांगाडा शेडमधून काढताना आमचा फोरमन अरुळ पहिल्यांदा गेट मोजतो, म्हणून माझी नजर गेली.

त्याला सांगू नकोस. चौदाला सकाळी ढोल वाजेल, निळे झेंडे निघतील, सगळ्या चाळींची माणसं रस्त्यावर उभी राहतील, आणि प्रमुख आत अडकून बसेल. भिवाकाकांच्या चित्ररथावरच्या संसदेचा घुमट नाक्यावर घरंगळला त्याला सतरा वर्षं झाली, त्यांना अजून घुमटकाका म्हणतात. सम्यकला काय म्हणतील त्याची मी यादी केलीय. पार्किंगवीर हे मला सगळ्यात आवडलं.

जेवण बरं आहे. आईला सांग, भात खाऊन पोट सुटलंय.

तुझा दादा, आठवण काढलीस तर,
राजरत्न


वरळी
२७ मार्च २०२६

दादा,
जयभीम. आज ‘तीर्थरूप’ लिहायला हात धजत नाही.

तुझं पत्र वाचून मी सरळ खाली गेले. बीमखाली उभी राहिले. मग रॉकेटकडे पाहिलं. तुझा हिशेब बरोबर आहे. सम्यकनं उंची मोबाईलनं मोजली, पण छताची. गेटकडे कुणी मोबाईल धरलाच नाही. वीस माणसं रोज त्या गेटातून आत जातात, चहा घेऊन बाहेर येतात, आणि कुणाच्या डोक्यात प्रकाश पडत नाही.

मी त्याला सांगितलेलं नाही. भीती वाटली म्हणून नाही. तू पाहिलंस, तूच सांगायचंस. पण मी काही बघत बसणार नाही. सात तारखेपर्यंत तुझं पत्र त्याच्या हातात पडलं नाही, तर आठ तारखेला मी सांगेन, आणि तुला महिनाभर आधी माहीत होतं हेही सांगेन, आईसमोर. मग तुझ्या यादीतलं एखादं नाव तुझ्यासाठी ठेव.

तो रोज ऑफिसातून येऊन पार्किंगमध्ये जातो. बोटांना प्लायवूडच्या फासा आहेत, आई सुईनं काढते. मंडळातले जुने लोक खुर्च्या टाकून बसतात आणि दर दहा मिनिटांनी कोणीतरी म्हणतं की राजू असता तर असं केलं नसतं. राजूचा हात वेगळा. राजूला बोलवा. तू इथं नसून त्याला हे रोज ऐकावं लागतं. तू अंगठे मोजलेस, हे मोजायला इथं नव्हतास.

पुतळ्याबद्दल तू जे लिहिलंस ते मी त्याला वाचून दाखवलं. बीमचा भाग गाळला. त्यावर त्यानं पावतीबुकाच्या मागच्या कागदावर लिहून दिलं. सोबत ठेवते. त्याचं अक्षर तुझ्याहून वाईट आहे, एवढं सुख घे.

प्रिती

(सोबतची चिठ्ठी)

दादा, जयभीम.

वरचा तू आहेस. खिडकीतला. तुझा समोरून काढलेला एकच फोटो घरात सापडला, आधारकार्डाच्या झेरॉक्सवरचा, त्यावरून तोंड केलं. त्यामुळे अंतराळवीर थोडा गुन्हेगार दिसतो. खालच्याला तोंड द्यायला वेळ उरला नव्हता, आरसा घेतला आणि माझंच दिलं. सलाम मी मारतोय. मोटर तुला आहे.

टेप मला मोजण्यासाठी नको होती. मोजायला मोबाईल आहे. ती हातात दिसली असती तर ते खुर्च्यांवरचे गप्प बसले असते, असं वाटलं. बाबांनी तुला दिली, मला का नाही, हे मी तिसरीपासून मनात धरून आहे. आता लिहिलं. राहू दे ती तुझ्याकडे.

सम्यक


कुलशेखरपट्टिनम
२ एप्रिल २०२६

चि. सम्यक,
जयभीम वि. वि.

आधी कामाचं. हे पत्र हातात पडलं की तिथून उठ, खाली जा, आणि गेटवरच्या पिवळ्या-काळ्या बीमवरचा आकडा वाच. मग तुझं रॉकेट बघ. कळलं असेल. घाबरू नकोस आणि कुणाला ओरडू नकोस. खुर्च्यांवरच्या मंडळींना तर मुळीच सांगू नकोस.

मला हे आठ मार्चपासून माहीत होतं. सांगितलं नाही. का, ते विचारू नकोस. तुझ्या फोटोखालचे अंगठे मोजत बसलो होतो. फोन करणार होतो, पण फोनवर माझ्या तोंडून उलटंच निघालं असतं.

आता उपाय. तोडायचं नाही, आडवं करायचं. अरुळला विचारलं. तो या लाइनीत वीस वर्षं आहे. तो हसला आणि म्हणाला की रशियावाले रॉकेट आडवंच नेतात, रेल्वेच्या गाडीवर निजवून, आणि सोडायच्या जागेवर नेऊन उभं करतात. मोबाईलवर दाखवलंन पण. एवढं मोठं धूड, पेशंटसारखं उताणं चाललेलं. म्हणजे आपण काही वेगळं करत नाही.

रॉकेटचे चार पाय ट्रॉलीला वेल्ड आहेत. मागचे दोन आणि पुढचे दोन, चारही बुडाशी ग्राइंडरनं काप, पण आधी वरून दोरानं ताण देऊन धर. मागच्या दोन पायांना जाड बिजागऱ्या वेल्ड कर. दरवाजाच्या नकोत, ट्रकच्या मागच्या फाळक्याला असतात तसल्या. पुढच्या दोन पायांना पट्ट्या आणि बोल्टची भोकं. रॉकेट मागं झोपेल. जाडी तीन फूट, ट्रॉली चार, झाले सात. साडेअकरातून हसत निघेल. शेंडा ट्रॉलीच्या मागं पाच-सहा फूट बाहेर येईल, त्याला लाल फडकं बांध, नाहीतर हवालदार पकडेल. मोटरची वायर वाकण्याच्या जागी ढिली सोड. बैलगाडी आणि सायकल हलवू नकोस, त्या बुटक्या आहेत.

मग रस्त्यावर आलात की सगळ्यांसमोर उभं करा. चेनपुली आणू नका. आठ जण दोरावर घ्या, भिवाकाकांना पुढं ठेव, त्यांना या गोष्टीची काळजी जास्त आहे. अरुळ सांगतो की थुंब्याला त्या पहिल्या दिवशी क्रेन बिघडली, तेव्हा माणसांनी हातांनी रॉकेट उचललं होतं. ढोल थांबव, रॉकेट हळू हळू उठू दे, बोल्ट मार, आणि मग मोटर चालू कर. लोकांना वाटेल मुद्दामच तसं केलंय. वाटू दे. त्या व्हिडिओला पाचशे अंगठे पडतील, हे मला आत्ताच दिसतंय आणि लिहिताना पोटात दुखतंय. मेघना किती बदाम टाकेल ते मला कळवू नका.

प्रितीनं वरच्या पुतळ्याचा फोटो पाठवला. माझं नाक एवढं मोठं नाही. वेळ मिळाला तर कमी कर. आणि तो उताणा झोपून गेटातून निघताना त्याच्या तोंडावर फडकं टाक. मिरवणुकीच्या दिवशी लोकांना कसंतरी वाटेल.

या पाकिटात टेप आहे. फुकट देत नाही, चौदा तारखेपुरती देतोय, नंतर बघू. ती वापरायची एक खोड आहे, ती बाबांनी मला सांगितली होती, तुला सांगायचं राहिलं. तिचा पहिला इंच तुटलेला आहे. एकच्या खुणेपासून मोजायचं आणि शेवटी एक वजा करायचा. हे माहीत नसलेल्याच्या हातात ती दरवेळी एका इंचानं खोटं बोलते. बाबा म्हणायचे की म्हणूनच ती कुणी चोरत नाही. आता हे आपल्या दोघांनाच माहीत आहे. खुर्च्यांवरच्यांपैकी कुणी टेप मागितली तर दे खुशाल.

मला सुट्टी मिळालेली नाही. चौदाला मी इथं खांबावर असेन. दुपारी जेवायच्या सुट्टीत गेटवर जाऊन फोन घेईन, तोवर व्हिडिओ टाकून ठेव. आईला खाली आण. एकतिसाव्या मजल्यावरून तिला नुसती टाळकी दिसतील.

धाकट्यानं मोठ्याचा लोभ धरावा असा शिरस्ता आहे. यंदा उलटं झालंय, सांभाळून घे.

तुझा दादा,
राजरत्न

ता. क. एका दिवसाची मजुरी प्रितीच्या नंबरवर टाकलीय. ओव्हरटाइम धरलेला नाही, बाबांच्या वेळीही धरत नव्हते. तेरा तारखेला माईकवर तुझ्या आधी माझं नाव घ्यायला लाव, मी मोठा आहे. आणि आकडा पुटपुटू नका, सगळ्या चाळीला ऐकू जाईल असा वाचा: रुपये नऊशे पन्नास.